जुन्या शालूच्या जरीतली चांदी कशी काढायची? मदत हवी आहे

मृण्मयी_सातारा: जरीवाला उद्या सकाळी परत येतोय, म्हणून घाईत विचारते. आजीचा शालू घड्यांवर जिरलाय, हात लावला की रेशमाचा भुगा होतो. जरी शाबूत आहे. तो वजनही न करता १२०० म्हणाला. घरी चांदी वेगळी काढता येईल का? नायट्रिक अ‍ॅसिडचा व्हिडिओ पाहिलाय.

खडीसाखर: जरी खरी, तांब्याची की प्लास्टिकची? वजन किती?

मृण्मयी_सातारा: आजीच्या लग्नातला आहे, खरीच असणार ना! अख्खा शालू ७४० ग्रॅम.

खडीसाखर: लग्नावरून कळत नाही हो. उलट बाजूची एक तार काढून पाट्यावर घासा. तांबूस निघाली तर तांबं, पांढरी तर चांदी. दुसरी तार पेटत्या काडीवर धरा. वितळून गोळी झाली तर प्लास्टिक. खऱ्या जरीत रेशमाच्या दोऱ्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते, वर सोन्याचा मुलामा. सोनं शेकडा एकसुद्धा नसतं, त्याची आशा धरू नका.

रसायन_७८: सोपं आहे. नायट्रिकमध्ये चांदी विरघळते, सोनं तपकिरी भुकटी होऊन तळाशी राहतं. त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की चांदी करड्या गाळासारखी तिच्यावर जमते. लॅबमध्ये मी स्वतः केलंय.

गलाईवाल्याचा_मुलगा: लॅबमध्ये केलंत, ताईंना स्वयंपाकघरात करायला सांगू नका! नायट्रिकमधून निघणारा तांबूस धूर छातीत गेला तर लगेच काही वाटत नाही, काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरतं. आम्ही खानापूर तालुक्यातले गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे; वडिलांचं आयुष्य मुशीसमोर, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यासमोर गेलं. जरीला अ‍ॅसिड लागतच नाही. कापड जाळायचं, राख टाकणखार (बोरॅक्स) घालून मुशीत गाळायची. चांदी ९६२ अंशांना वितळते, म्हणजे घरच्या गॅसचं ते काम नाही.

रसायन_७८: गच्चीत, मोकळ्या हवेत केलं तर?

गलाईवाल्याचा_मुलगा: आणि उरलेलं अ‍ॅसिड कुठे ओतणार, मोरीत?

सुलभाकाकू: चांदी काळी पडली असेल तर भांड्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, खायचा सोडा आणि उकळतं पाणी. पाच मिनिटांत लख्ख!

खडीसाखर: काकू, त्यांना चांदी काढायची आहे, उजळायची नाही.

पदरवेडी: जाळूच नका! आईच्या पैठणीचे काठ मी नव्या रेशमावर लावून घेतले, दहा वर्षं नेसतेय.

मृण्मयी_सातारा: घासली. पांढरी निघाली! काठ चार बोटं, पदर हातभर. पैशांसाठी नाही हो, आम्हा चौघी नातींना आजीची आठवण म्हणून एकेक कुंकवाचा करंडा करायचाय.

गलाईवाल्याचा_मुलगा: हे आधी सांगायचंत ना ताई! मग विकूच नका. काठ-पदर कापून वजन लिहून ठेवा आणि गलाईवाल्याकडे समोर बसून गाळून घ्या. राख झाल्यावर फुंकर मारू देऊ नका, बारीक तार तिच्याबरोबर उडते. गाळून आलेल्या चांदीच्या लगडीचंही वजन करा.

पदरवेडी: निदान एक तुकडा तरी ठेवा गं.

मृण्मयी_सातारा: पदरातली एक कोयरी ठेवते. जरीवाल्याला येऊ नका म्हणून कळवलं. साताऱ्यात समोर गाळून देणारं कुणी माहीत आहे का?