मदत हवी आहे: नानांची खरेदी थांबत नाही

अखाजीची लेक:

नमस्कार. मी नाशिकला असते, माहेर अमळनेरचं. वडील (आम्ही नाना म्हणतो) ६८ वर्षांचे आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. आई जाऊन दोन वर्षं झाली. घरात ते एकटेच, शेजारच्या काकू दोन वेळचा डबा देतात.

यंदा अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले. आईच्या नावाची घागर पुजायची होती. घागर मागच्या खोलीत ठेवलेली असते म्हणून दार ढकललं, तर ते अर्धंच उघडलं. आत बॉक्स होते, खालपासून छतापर्यंत. आईच्या शिलाई मशीनवर, मशीनच्या खाली, खिडकीत. मी नि भावाने मोजले, एक्केचाळीस. बहुतेकांची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नाही. अकरा टॉर्च, बीपी मोजायची तीन यंत्रं, भाजी कापायची चार यंत्रं, ड्रिल मशीन (नानांनी आयुष्यात भिंतीला खिळा ठोकलेला नाही), आणि बाहेर ४३ अंश ऊन असताना तीन ब्लँकेटं. त्यातलं एक आदल्याच दिवशी आलेलं.

घागर शेवटी मिळाली. डांगर, सांजोरी ठेवून पूजा केली, पण माझं लक्ष त्या खोलीतच होतं.

संध्याकाळी विषय काढला तर नाना एकदम उसळले. "मना पैसा शेतस, तुले काय करनं शे?" (माझे पैसे आहेत, तुला काय करायचंय?) आयुष्यात असं कधी बोलले नव्हते. आम्हाला वह्यांची मागची कोरी पानं फाडून त्यावर गणितं करायला लावणारा माणूस. पासबुक बघितलं तर एक एफडी मोडलेली. बॉक्सवरच्या बिलांची बेरीज १,८६,००० च्या वर गेली. पेन्शन ३४,००० आहे, म्हणजे घर चालतंय, पण शिल्लक काहीच उरत नाही.

भाऊ म्हणतो, आईनंतर एकटे पडलेत, म्हणून मन रमवतात. मला ते पूर्ण पटत नाही. बॉक्सवरच्या तारखा सगळ्या दिवाळीनंतरच्या आहेत, त्याआधीचा एकही नाही. रात्री दोन वाजता मी पाणी प्यायला उठले तर ते अंधारात फोन घेऊन बसलेले. उजवा हात थरथरतो म्हणून डाव्या अंगठ्याने एकेक वस्तू सरकवत होते. मला बघून फोन उशीखाली ठेवला, लहान मूल चिंचा लपवतं तसा.

भावाचं मत, फोन काढून घ्यावा. मला ते अपमानाचं वाटतं. हा आजार आहे का? काय करावं? तब्येतीचं म्हणाल तर बीपी आहे, हाताच्या थरथरीच्या गोळ्या चालू आहेत, बाकी ठीक.

पांझराकाठ:

ताई, धुळ्याहून लिहितेय. मी स्वतः यातून गेलेय, म्हणून आधी हे सांगते: फोन हिसकावू नका. माझ्या नवऱ्याने माझा हिसकावला होता, तर मी शेजारणीच्या फोनवरून साड्या मागवल्या.

हा आजार आहे आणि जुना आहे. क्रेपेलिन नावाच्या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने शंभरावर वर्षांपूर्वी त्याला ओनिओमेनिया, म्हणजे खरेदीचं वेड, असं नाव दिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत त्याचा उल्लेख आहे. आळस किंवा उधळेपणा म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही.

न उघडलेले बॉक्स वाचून मला माझंच कपाट आठवलं. मजा वस्तूत नसते. ऑर्डरचं बटण दाबायच्या आधी छातीत एक कळ असते, दाबलं की ती उतरते. पार्सल येईपर्यंत लाज सुरू होते, म्हणून ते उघडावंसंच वाटत नाही. आणि त्या लाजेवर उतारा म्हणून पुन्हा फोन. कुणी ओरडलं की लाज वाढते आणि खरेदीही वाढते. नाना उसळले ते यामुळेच असेल, तुमच्यावर राग म्हणून नाही.

मला उपयोग झाला तो समुपदेशनाचा. माझ्याकडून वही लिहून घेतली: कधी हुक्की आली, त्याआधी काय झालं होतं, किती वाजले होते. महिन्याभरात दिसलं की माझी सगळी खरेदी रात्री अकरानंतरची, आणि सासूबाईंशी बोलणं झालेल्या दिवसांची. मग नियम केला की हवी ती वस्तू वहीत लिहायची आणि तीन दिवसांनी बघायची. दहातल्या आठ वस्तूंची मला आठवणही राहत नसे. अ‍ॅपमधून कार्डाचा नंबर पुसला. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून आपल्या कार्डावरचे ऑनलाइन व्यवहार आपणच बंद करू शकतो, मर्यादाही घालू शकतो. ते नानांच्या हातून करून घ्या, त्यांच्या पाठीमागे नको.

क्रेडिट कार्ड असेल तर ते आधी बघा. 'किमान रक्कम' भरत राहिलं की बाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं. माझी तीन वर्षं त्यातच गेली.

आज लगेच कुणाशी बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक आहे. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

गिरणाकाठचा मेडिकलवाला:

पांझराकाठ ताईंनी छान लिहिलंय. पण माझं लक्ष तुमच्या शेवटच्या ओळीवर अडकलंय. थरथरीच्या गोळ्या म्हणजे कंपवाताच्या (पार्किन्सन) का? असतील तर स्ट्रिपवरचं नाव वाचून इथे लिहा. प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल आहे का? आणि ती कधी सुरू झाली?

विचारतोय त्याचं कारण सांगतो. कंपवातात मेंदूतलं डोपामिन कमी पडतं. या गोळ्या डोपामिनसारखं काम करतात, म्हणून हालचाल सुधारते. पण मेंदूचा जो भाग 'हवं, अजून हवं' म्हणतो तोही डोपामिनवरच चालतो. काही रुग्णांत तो नको तितका जागा होतो. मग साठीपर्यंत काटकसरीने राहिलेला माणूस खरेदी करत सुटतो, जुगार खेळतो, रात्री उठून खात बसतो, कधी लैंगिक इच्छा अनावर होते. अमेरिका-कॅनडात ३,०९० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात शंभरात साधारण सहा जणांना खरेदीचा आवेग होता. या गटातली औषधं घेणाऱ्यांत असे सगळे आवेग मिळून शंभरात सतरा जणांना होते, न घेणाऱ्यांत सात.

नानांचं तेच असेल असं मी म्हणत नाही. उतारवयात अचानक खर्च वाढला तर उन्माद किंवा स्मृतिभ्रंशाचा एक प्रकारही तपासतात. पण आई दोन वर्षांपूर्वी गेल्या आणि बॉक्स दिवाळीनंतरचे, हा फरक डॉक्टरांना नक्की सांगा.

एक हात जोडून सांगतो, गोळी स्वतःहून बंद करू नका. एकदम बंद केली तर अंग आखडतं, जीव घाबरा होतो, उदासी येते. डोस हळूहळू कमी करतात किंवा औषध बदलतात, आणि ते काम डॉक्टरांचंच.

अखाजीची लेक:

शेजारच्या काकूंकडून स्ट्रिपचा फोटो मागवला. प्रॅमिपेक्सोल. भावाने जुन्या चिठ्ठ्या काढल्या. गोळी दसऱ्याला सुरू झाली आणि संक्रांतीनंतर डोस वाढला. बॉक्सवरच्या तारखा त्याच्याशेजारी लिहिल्या. दिवाळी ते संक्रांत नऊ बॉक्स, त्यानंतर बत्तीस. मी कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत बसले.

काकूंना खाण्याबद्दल विचारलं. म्हणाल्या, रात्री शेवेचा डबा रिकामा होतो, मला वाटलं उंदीर.

मग काल नानांना फोन केला. खरेदीचं काही विचारलं नाही. एवढंच म्हटलं की नाना, या गोळीने काही लोकांना असं होतं, त्यात माणसाची चूक नसते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं फोन कट झाला. मग हळूच म्हणाले, "मी नको म्हनस, तरी हात जास." (मी नको म्हणतो, तरी हात जातो.)

सोमवारी जळगावला त्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे नंबर लावलाय, मी रविवारी रात्रीच येतेय. कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद करायला नाना स्वतः तयार झाले, भावाने फोनवरून सांगितलं तसं त्यांनीच बटण दाबलं. पण पार्सल आल्यावर रोख देऊन घ्यायचं राहतंच. त्याला काय करता येईल? आणि न उघडलेल्यांपैकी शेवटचे पाच-सहा बॉक्स परत करायची मुदत अजून शिल्लक दिसतेय. सामान नानांच्या नावावर असताना ते मी परत पाठवू शकते का, कुणी केलंय का असं?