मदत हवी आहे: प्रोटीन सगळं पेलेटमध्येच (सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसणारा न विरघळलेला गाळ) जातंय
ई. कोलाय बीएल२१ (प्रोटीन बनवायला वापरतात तो जिवाणू) मध्ये हिस-टॅगवालं (शुद्ध करायला सोपं जावं म्हणून हिस्टिडिनची शेपटी जोडलेलं) एन्झाइम बनवतोय, जेलवर बँड चांगला जाड येतो पण लायसिसनंतर (पेशी फोडल्यावर) सगळं पेलेटमध्ये, सुपरनेटंट (वरचं द्रव) जवळपास रिकामं. तापमान ३७ वरून १८ डिग्रीवर आणलं, आयपीटीजी (प्रोटीन बनवणं सुरू करणारं रसायन) ०.१ मिलीमोलर केलं, काडीचा फरक नाही. मूळ प्रोटीनमध्ये २ डायसल्फाइड बंध (प्रोटीनचा आकार धरून ठेवणारे गंधक-गंधक जोड) आहेत, पेशीतल्या रिड्यूसिंग (असे जोड टिकू न देणाऱ्या) वातावरणात ते जुळतच नसणार असा माझा संशय. ८ मोलर युरियात विरघळतं, पण डायलिसिसने (प्रोटीन अडवणाऱ्या पडद्यातून) युरिया काढला की पांढरा गाळ. नुसतं विरघळून भागणार नाही, ॲक्टिव्हिटी हवीय, आणि यीस्टची सोय नाही. मग सिग्नल पेप्टाइड (पत्त्यासारखा छोटा तुकडा) लावून पेरिप्लाझममध्ये (जिवाणूच्या दोन पटलांमधली जागा, जिथे हे बंध जुळू शकतात) पाठवू, की रिफोल्डिंग बफरमध्ये (प्रोटीनला पुन्हा योग्य घडी घालायचं द्रावण) गाळ टाळायला आर्जिनिन आणि बंध जुळवायला ग्लुटाथायोन घालू, आणि घालायचं तर ग्लुटाथायोनच्या रिड्यूस्ड-ऑक्सिडाइज्ड रूपांचं प्रमाण तुम्ही किती ठेवता?