जुन्या फँटसी मिनिएचरमधून साय-फाय टोळी करायची आहे, सल्ला हवा

गंजकी_तलवार
छोट्या पुतळ्यांचा (मिनिएचरचा) सेकंडहँड लॉट हाती आलाय: धातूचे ६ ऑर्क (फँटसीतले राक्षसी योद्धे), कडक प्लॅस्टिकचे १० सांगाडे (४ जणांकडे क्रॉसबो, बाकीच्यांकडे तलवारी-कुऱ्हाडी) आणि कुठल्याशा बोर्डगेममधले मऊ प्लॅस्टिकचे ४ ओगर (धिप्पाड राक्षस). सगळ्यांवर आधीच्या मालकाने ॲक्रिलिक रंग जाड थापलाय. यातून 'स्टारग्रेव्ह' या टेबलावर मॉडेलं मांडून खेळायच्या साय-फाय खेळासाठी टोळी उभी करायची आहे: कॅप्टन, फर्स्ट मेट आणि ८ सैनिक. या खेळात अमुकच कंपनीची मॉडेलं हवीत अशी अट नाही.
बजेट पक्कं: बंदुकांचा एक स्प्रू (सुटे भाग जोडलेली प्लॅस्टिकची चौकट), एपॉक्सी पुट्टीची (दोन भाग मळले की कडक होणारी) एक पट्टी, बाकी आहेत तेच ब्रश आणि रंग. एअरब्रश नाही, प्रिंटर नाही. रंग कसा उतरवू? बंदुका कशा बसवू?

नोझल
एअरब्रश घ्याच. ड्युअल ॲक्शन, ०.३ मिमी नोझल, टाकीवाला काँप्रेसर. माझा सेट असाच आहे आणि प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) इतका पातळ बसतो की बरगड्यांमधली फट बुजत नाही. एकदा घेतलात की ब्रशने प्रायमर लावावासा वाटणार नाही.

बारीक_करवत
आधी प्लॅस्टिक ओळखा, मग रसायन निवडा. बेसच्या खालच्या बाजूला प्लॅस्टिक सिमेंटचा (प्लॅस्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदाचा) एक थेंब टाका. पृष्ठभाग मऊ पडून चिकट झाला तर ते पॉलिस्टायरीन. सांगाडे बहुतेक तेच निघतील. काहीच झालं नाही तर पीव्हीसी किंवा रेझिन. ओगर पीव्हीसीचे असतील, त्यांना सुपरग्लूच लागेल.
रंग उतरवायला ९९% आयसोप्रोपिल अल्कोहोल. झाकणाच्या काचेच्या बरणीत पॉलिस्टायरीन बुडवा, अर्ध्या तासाने नायलॉनच्या टूथब्रशने घासा, राहिला तर पुन्हा बुडवा. खिडकी उघडी, जवळपास ज्योत नको. ॲसिटोन फक्त धातूला. सांगाडे त्यात टाकलेत तर चिखल होईल.

पाव_इंच
अल्कोहोल कशाला, डेटॉल पुरतं. रात्रभर बुडवा, सकाळी घासा. फक्त पहिल्यांदा पाण्याखाली धरू नका. पाणी लागलं की सुटलेला रंग डांबरासारखा चिकट होऊन खाचांत बसतो. आधी डेटॉलमध्येच घासून रंग काढा, मगच साबण आणि पाणी.

बारीक_करवत
@पाव_इंच पुरतं, पण हातमोजे सांगायचे राहिले. डेटॉलने कातडी भाजते.

तिसरा_थर
धातूच्या ऑर्कांबद्दल कुणी बोलत का नाही? १९९० च्या दशकाआधीच्या धातूच्या मॉडेलांत शिसं असण्याची शक्यता मोठी. कोरडं घासायचं नाही, पितळी ब्रश नाही. कानस लावायचीच तर ओली करून. काम झालं की हात आणि टेबल दोन्ही धुवा. पांढरी भुकटी दिसली तर शिसं खराब व्हायला लागलंय. व्हिनेगर तर लांबच ठेवा, ॲसेटिक ॲसिड शिशाला खातं.

पाव_इंच
एवढं घाबरवू नकोस रे. हातात धरल्याने काही होत नाही.

तिसरा_थर
धरल्याने काही होतं असं मी म्हटलंच नाही. धूळ पोटात जाते त्याबद्दल बोलतोय. आणि ओकच्या कपाटातही ठेवू नका, त्या लाकडातून ॲसिडची वाफ सुटते.

नोझल
ऑर्क प्रिंट करून घ्या, शिशाचा प्रश्नच मिटेल. रेझिन प्रिंटरला ०.०५ मिमीचा थर पुरतो.

निळा_पिवळा
प्रश्न बंदुकांचा होता, त्यावर लिहितो.
क्रॉसबोवाल्या चौघांवर स्प्रू खर्च करू नका. दोरी आणि आडवी कमान निपर्सने काढा, दांडा व हात तसेच ठेवा. पुढे १.५ मिमीची प्लॅस्टिक नळी ८ मिमी लांब कापून चिकटवा. वर स्प्रूच्या रिकाम्या दांड्याचा २ मिमीचा तुकडा, झाली दुर्बीण. खाली चौकोनी तुकडा, मॅगझिन. हात मुळातच बंदूक धरल्यासारखे असतात, त्यामुळे पोझ खोटी वाटत नाही.
तलवारवाल्यांचा हात मनगटात कापा, कोपरात नाही. कोपरात कापला की खांद्याचा कोन बिघडतो आणि बंदूक आकाशाकडे बघते. पातळ पात्याची करवत वापरा, निपर्सने मनगट चेपतं. धातूच्या ऑर्कांना १ मिमी ड्रिलने दोन्ही बाजूंना ३ मिमी खोल भोक पाडून पितळी तारेची पिन मारा. नुसत्या सुपरग्लूचा जोड ठिसूळ असतो, जड हात पहिल्याच पडण्यात सुटतो.
पुट्टी निळी-पिवळी पट्टी असेल तर दोन्ही रंग जिथे टेकतात ती मधली २ मिमी चिरून टाका. ती पाकिटातच कडक झालेली असते आणि मळल्यावर गुठळ्या देते. समसमान घ्या, एकसारखा हिरवा होईपर्यंत मळा. तासभर काम करता येतं, पूर्ण कडक व्हायला एक दिवस धरा. हत्यार सतत ओलं ठेवा.

बारीक_करवत
पिनेबद्दल सहमत. धातूला पिन हवीच.

पाव_इंच
पिन मारा. क्रॉसबोंची दुर्बीण मात्र थोडी मागे लावा, डोळ्याच्या रेषेत.

तिसरा_थर
फँटसी दिसते ती शस्त्रांपेक्षा फर, शिंगं आणि पट्ट्यांमुळे. ऑर्कांच्या खांद्यावरची फर तासून सपाट करा, त्यावर प्लॅस्टिकचा पत्रा. ढाल पाठीवर उलटी चिकटवली की पॅक होतो. गिटारच्या जाड तारेचे तुकडे म्हणजे तयार नळ्या, पण त्या स्टीलच्या असतात, चांगल्या निपर्सना दात पडतात. जुनी पक्कड घ्या.
ओगरांना स्प्रे प्रायमर नको. मऊ पीव्हीसीवर तो कित्येकदा कायमचा चिकट राहतो. पाण्यावर आधारित प्रायमर ब्रशने दोन पातळ थर. भाला वाकला असेल तर गरम पाण्यात काही सेकंद, सरळ करून लगेच थंड पाण्यात.

नोझल
पाण्यावरचा प्रायमर एअरब्रशमधून सुंदर जातो.

गंजकी_तलवार
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं.
रंग उतरवणार नाही. ऑर्क आणि ओगर बाजूला, टोळी फक्त १० सांगाड्यांची आणि ते सांगाडे म्हणजे यंत्रमानव. जाड रंगाने बरगड्या अर्ध्या बुजल्यात, ते बाहेरच्या कवचासारखं दिसतंय, मला तेच हवंय. क्रॉसबोवाले चौघे निळा_पिवळा यांच्या पद्धतीने, स्प्रूच्या बंदुका उरलेल्या सहा जणांना. छातीच्या पोकळीत पुट्टीची बॅटरी, तिथून कवटीपर्यंत तांब्याची ०.३ मिमी तार. वरून काळा, गनमेटलचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग), तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), कडांवर स्पंजने केशरी गंज. डोळ्यात हिरवा ठिपका.

बारीक_करवत
रंग न उतरवता? जुना रंग सुटला तर नवा थरही त्याच्याबरोबर निघेल.

तिसरा_थर
चालेल, पण आधी साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा, मग मास्किंग टेप घट्ट दाबून झटक्यात ओढा. टेपवर रंगाचे पापुद्रे आले तर तेवढे सांगाडे अल्कोहोलमध्ये टाकण्यावाचून इलाज नाही. जोडाच्या जागी, म्हणजे मनगट, छाती आणि क्रॉसबोचा दांडा, रंग खरवडून प्लॅस्टिक उघडं करा. सिमेंट रंगावर धरत नाही.

निळा_पिवळा
आणि तार बॅटरीची पुट्टी मऊ असतानाच खोचा. कडक झाल्यावर बरगड्यांच्या आत ड्रिल शिरत नाही.