मदत घेणाऱ्याने किती दिवस गरीब दिसावे?

मूळ मांडणी : शिक्षक, उमरगा (जि. धाराशिव)

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सीना, मांजरा आणि तेरणा या नद्यांकाठच्या गावांत पाणी शिरले, तेव्हा मराठवाड्याने जे केले त्याचा मला अभिमान वाटतो. परंडा तालुक्यात अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले, आणि ज्या गावांना पुराची झळ लागली नव्हती तिथून भाकरी-पिठल्याची गाठोडी घेऊन टेम्पो निघाले. त्या पहिल्या आठवड्यात कोणी कोणाला जात, जमीन किंवा रेशनकार्ड विचारले नाही. माझा प्रश्न त्यानंतरच्या दिवसांचा आहे.

एका शाळेत निवाऱ्याला आलेल्या कुटुंबांना धान्याचे किट वाटले जात असताना मी तिथे होतो. रांगेत साठीच्या एक बाई उभ्या होत्या. कानात सोन्याची फुले होती, अंगावर बऱ्यापैकी इरकल लुगडे होते, पायांत काहीच नव्हते आणि पोटऱ्यांवर गाळ वाळून पांढरा पडला होता. वाटप करणाऱ्यांपैकी एकजण त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कानात सोनं आहे आणि रांगेत उभ्या राहिल्यात." बाई काही न बोलता रांगेतून बाहेर पडल्या. त्यांच्या घरातली ज्वारी पाण्याने फुगून कणगी फुटली होती आणि दावणीच्या शेळ्या वाहून गेल्या होत्या, हे मला नंतर त्यांच्या भावकीतल्या माणसाकडून कळले. रात्री पाणी चढू लागल्यावर माणूस अंगावर जे असेल तेवढेच घेऊन निघतो, एवढी साधी गोष्ट त्या वाटप करणाऱ्याच्या लक्षात येऊ नये, याचे मला फार वाईट वाटले.

हे नवीन नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनानंतर गाव झोपेत असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे, ओझे अंगावर येऊन सुमारे दहा हजार माणसे गेली. देशभरातून मदत आली, आणि तरीही वर्ष उलटायच्या आत "भूकंपाच्या पैशावर माजलेत", "दारूत उडवतात, गाड्या घेतात" ही वाक्ये आपल्याच जिल्ह्यांत चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागली. ज्याच्या घरातले तिघे-चौघे दगडाखालून काढावे लागले, त्याने मिळालेल्या रकमेतून मोटारसायकल घेतली तर तो गुन्हा, असा आपला हिशेब होता. आपल्या दयेला एक न बोललेली अट असते: मदत घेणाऱ्याने सदैव केविलवाणे दिसावे, दिले ते मुकाट्याने घ्यावे आणि हक्काची भाषा करू नये. तो जरा उभा राहिला, त्याने निकृष्ट धान्य परत केले किंवा हिशेब मागितला, की त्याच क्षणी तो आपल्या नजरेतून उतरतो. या अटीला मी पूर्वग्रह म्हणतो.

प्रतिसाद : महसूल खात्यातून निवृत्त, लातूर

आपली तळमळ खरी आहे, परंतु मांडणी एकतर्फी आहे असे मला वाटते. मी आयुष्यभर पंचनामे केले आहेत. संशय आभाळातून पडत नाही. आपत्ती आली की एका रात्रीत एकत्र कुटुंबे विभक्त होतात, वर्षानुवर्षे पडीक असलेल्या घराला अचानक राहते घर म्हटले जाते, आणि ज्याचे काहीच गेले नाही तो सर्वांत पुढे उभा राहतो. भूकंपग्रस्तांसाठी शासकीय नोकऱ्यांत समांतर आरक्षण ठेवले गेले, तेव्हा त्या प्रमाणपत्रासाठी कोण कोण आले हे आम्ही पाहिले आहे. अशा वेळी विचारपूस करणाऱ्याला निर्दय ठरवले, तर खोट्या नावांनी यादी भरते आणि खऱ्याचा वाटा जातो.

दुसरे असे की, शेजारच्या गावांचा रोष हा पूर्वग्रह नसून तुलना आहे. भूकंपानंतर ५२ गावांचे पूर्ण स्थलांतर झाले आणि तिथे नवी घरे बांधून दिली गेली. त्याच पट्ट्यातल्या कितीतरी गावांत भिंतींना तडे गेले होते, माणसे थंडीत बाहेर झोपत होती, आणि त्यांच्या वाट्याला दुरुस्ती व मजबुतीकरणाचे अनुदान आले. नव्या गावठाणांसाठी ज्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या तेही शेतकरीच होते. अशा माणसाच्या तोंडून एखादा कडवट शब्द निघाला, तर त्याला करुणाशून्य म्हणणे अन्यायाचे होईल. शिवाय दिलेल्या पैशाचे काय झाले हे विचारणे हा देणाऱ्याचा अधिकार आहे, मग देणारा शासन असो की आपल्या खिशातून शंभर रुपये काढणारा नोकरदार.

प्रतिसाद : पुनर्वसित गाव, लोहारा तालुका

मी भूकंपाच्या वेळी दुसरीत होते. आमच्या घरातले सर्वजण वाचले नाहीत, त्याविषयी इथे अधिक लिहिणार नाही.

लातूरच्या साहेबांनी नव्या घरांचा उल्लेख केला, म्हणून त्या घरांचा नियमही सांगायला हवा. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टर असणाऱ्याला ४०० आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५० चौरस फुटांचे घर मिळाले. भूकंपाने सर्वांची घरे सारखीच पाडली, पण नवे गाव सातबारा पाहून वसवले गेले. मजुराच्या २५० फुटांत चूल, अंथरुणे आणि पावसाळ्यात शेळ्याही असत. त्याने पुढे दोन पत्रे टाकून आडोसा केला तर "फुकटचे घर मिळाले तरी हाव सुटत नाही" असे म्हणणारे लोक होते. कित्येक जण तर त्या आडोशालाच झोपत, कारण डोक्यावर छत आले की त्यांना झोप लागत नसे. ७५० फुटांच्या घराबद्दल असे बोललेले मी कधी ऐकले नाही. चौकशी व्हायलाच हवी, पण ती नेहमी ज्याच्याकडे सर्वांत कमी आले त्याचीच का होते?

आणखी एक सांगते, कारण ते कोणी आठवत नाही. दुरुस्तीच्या कामात गावोगावच्या महिला मंडळांना संवाद सहायक, म्हणजे गावकरी आणि शासन यांच्यातला दुवा, म्हणून नेमले गेले. जोत्यापासून स्लॅबपर्यंत बांधकाम कसे असावे आणि अनुदानाचा हप्ता का अडला, हे बायका अधिकाऱ्यांना विचारू लागल्या. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या अशाच काही बायका तिकडे अनुभव सांगायला गेल्या. ज्यांना आमचाच भाग "आयते खाणाऱ्या" म्हणत होता, त्यांचा सल्ला दुसऱ्या राज्याला उपयोगी वाटला.

प्रतिसाद : केज (जि. बीड)

आपण सर्वजण पूर आणि भूकंप याविषयीच बोलत आहात. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, ती बातमी देशभर गाजली. त्याच दुष्काळात आमच्याकडून जी कुटुंबे पुण्या-मुंबईच्या पुलांखाली आणि बांधकामांवर गेली, त्यांना कोणी आपद्ग्रस्त म्हटले नाही, तर झोपडपट्टी वाढवणारे म्हटले. दरवर्षी मुकादमाकडून उचल घेऊन, पोरेबाळे बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये घालून ऊसतोडीला जाणारा माणूस निसर्गानेच उठवलेला असतो. त्याच्या पालाजवळ चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावर येतो. संकट एका रात्रीत आले तर दया, आणि वर्षानुवर्षे येत राहिले तर तिटकारा, हे मला पटत नाही.

प्रतिसाद : व्यापारी, परभणी

आमच्या मंडळाने पुराच्या वेळी दोन ट्रक धान्य पाठवले. वाटपाचे फोटो काढले म्हणून आमच्यावर टीका झाली. पैसे देणारे शेकडो लोक असतात, ते जागेवर येऊ शकत नाहीत. त्यांना पुरावा दिला नाही तर पुढच्या वेळी कोणी हात सैल सोडणार नाही. यात कोणाचा अपमान करण्याचा हेतू नसतो, एवढेच नोंदवतो.

मूळ मांडणी करणाऱ्याचे उत्तर

परभणीच्या बंधूंच्या हेतूविषयी मला शंका नाही. फोटो पोत्यांचा, ट्रकचा आणि सहीच्या वहीचा काढता येतो. हात पुढे केलेल्या म्हातारीचा चेहरा त्यात असण्याची गरज नाही. तिच्या नातवंडांच्या मोबाईलवर तो फोटो फिरतो, याचा विचार व्हावा.

लातूरच्या ज्येष्ठांशी माझा मतभेद मुळाशी आहे. चौकशी नको असे मी म्हटलेले नाही. चौकशी कागदाची व्हावी. किती कुटुंबे, कोणाचे घर किती पडले आणि कोणाला किती दिले, ही यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी, हरकती घ्याव्यात आणि ज्याने खोटे नाव घातले त्याच्यावर, ते घालू देणाऱ्यावरही, कारवाई व्हावी. रांगेतल्या माणसाचे लुगडे, कानातले आणि हातातला मोबाईल पाहून जो निवाडा होतो, त्याने आजवर एकही लबाड पकडला गेलेला नाही. सराईत लबाड मळके कपडे घालून येतो. लाज वाटून रांग सोडून जातो तो खरा गरजू.

प्रतिसाद : महसूल खात्यातून निवृत्त, लातूर

भिंतीवरच्या यादीला माझा पाठिंबा आहे. मात्र कागदावर भरवसा ठेवणाऱ्यांनी कागदाची मर्यादाही पाहावी. पीक नुकसानीची रक्कम सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याच्या खात्यात जमा होते. सोयाबीन बटईने, म्हणजे दुसऱ्याची जमीन पिकाच्या वाट्यावर कसून, केले असेल, तर बी-बियाणे आणि घाम बटईदाराचा, आणि अनुदान संभाजीनगरला राहणाऱ्या मालकाचे. तिथे शेवटी गावातल्या माणसांच्या सांगण्यावरच अवलंबून राहावे लागते, आणि त्या सांगण्यात आपण ज्याला पूर्वग्रह म्हणता तो येणारच. म्हणून अशा दाव्यांचा निर्णय ग्रामसभेत, सर्वांसमोर व्हावा असे माझे मत आहे.

प्रतिसाद : पुनर्वसित गाव, लोहारा तालुका

ग्रामसभेत मालक पुढच्या खुर्चीवर बसलेला असताना "हे पीक मी केले होते" असे सांगणाऱ्या बटईदाराला पुढच्या हंगामात तीच जमीन मिळणार नाही, हे आमच्या गावात सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे तो दावा करत नाही, आणि मग त्याने दावा केला नाही म्हणजे त्याचे नुकसानच झाले नव्हते, असे गाव म्हणते. या कामाला बाहेरच्या तालुक्यातील पथक नेमून बटईदाराचे म्हणणे त्याच्या घरी जाऊन, तो एकटा असताना ऐकून घ्यावे, अशी माझी मागणी आहे. आपण खात्यात होता, हे नियमात कसे बसवता येईल ते कृपया लिहावे.