दुभंगलेला ओठ आणि ग्रहणात चिरलेला दुधी

प्रश्न (धायरी, पुणे)
माझ्या सुनेला तीन आठवड्यांपूर्वी मुलगा झाला. त्याचा वरचा ओठ डावीकडे थेट नाकपुडीपर्यंत दुभंगलेला असून टाळूलाही फट आहे. २०२५ च्या भाद्रपद पौर्णिमेला खग्रास चंद्रग्रहण होते, तेव्हा तिला पाचवा महिना होता. त्या रात्री तिने विळीवर दुधी चिरला म्हणून बाळाचा ओठ कापला गेला, असे माझ्या थोरल्या जाऊबाई आल्यागेल्यासमोर बोलून दाखवतात, आणि आता सुनेलाही ते खरे वाटू लागले आहे. दोन्ही घराण्यांत असे कोणाला नाही. हे नेमके केव्हा आणि कशामुळे होते?

प्रतिसाद १ (शरीररचनाशास्त्राची निवृत्त अध्यापिका, कोथरूड)
ताई, ओठ कापला गेलेला नाही, तो जुळायचा राहिला आहे. गर्भाचा चेहरा वेगवेगळ्या उंचवट्यांतून घडतो. वरच्या ओठाचा मधला भाग नाकाकडून खाली येतो आणि वरच्या जबड्याचे उंचवटे गालांकडून येऊन त्याला दोन्ही बाजूंनी मिळतात. नाकाखाली ज्या दोन उभ्या कडा बोटाला लागतात, साधारण तेथेच हे सांधे असतात. म्हणून फट सहसा बरोबर मध्यावर न पडता एका बाजूला, बहुधा डावीकडे पडते. काही बाळांत ती दोन्हीकडे असते. कधी ती ओठावरची नुसती खाच असते, तर कधी नाकपुडीपर्यंत पोहोचते. हे जुळणे गर्भधारणेनंतर सातव्या आठवड्याच्या सुमारास पुरे होते. टाळूचे पडदे आधी जिभेच्या दोन्ही अंगांना उभे लोंबत असतात. जीभ खाली सरकली की ते आडवे होतात आणि पुढून मागे पडजिभेपर्यंत, बाराव्या आठवड्याच्या आसपास जुळतात. म्हणजे दुधी चिरला त्याच्या दोन महिने आधीच ओठाचे काय ते ठरून गेले होते.

केवळ टाळू दुभंगणे हा निराळा प्रकार मानतात. तो मुलींमध्ये अधिक, तर ओठाची फट मुलग्यांमध्ये अधिक आढळते. टाळूचा एक छुपा प्रकारही असतो, ज्यात वरचे आवरण अखंड पण आतला स्नायू न जुळलेला असतो, आणि मूल नाकात बोलू लागेपर्यंत तो कोणाच्या ध्यानातही येत नाही.

कारण एकच नसते. अनेक जनुके आणि गर्भाभोवतीची परिस्थिती मिळून हे घडते; धूम्रपान, मद्य, आधीपासूनचा अनियंत्रित मधुमेह आणि फिट्सवरची व्हॅल्प्रोएटसारखी औषधे यांनी धोका वाढतो. घराण्यात कोणाला नसतानाही हे सर्रास दिसते. जगात साधारण ७०० जन्मांमागे एक बाळ असे असते.

प्रतिसाद २ (एक आई, हडपसर)
माझ्या मुलीच्या वेळी परिचारिकेने तिचे तोंड दुपट्याने झाकूनच तिला माझ्याजवळ दिले होते, ते मी अजून विसरलेले नाही. टाळूला फट असल्यामुळे बाळाला ओढ घेता येत नाही. दूध काढून, त्याला जवळजवळ बसते धरून, वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजावे, आणि नाकातून दूध आले तर घाबरू नये. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन महिन्यांनी आणि टाळूची वर्षाच्या आसपास करतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ती मोफत होते.

प्रतिसाद ३ (बालरोगतज्ज्ञ, सिंहगड रस्ता)
आईवडिलांच्या खालच्या ओठावर दोन बारीक खळगे आहेत का, ते पाहावे. असल्यास एकाच जनुकातील दोष संभवतो आणि पुढच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. एरवी ती शेकडा ३ ते ५ असते. बाळाचे कानही तपासून घ्यावेत, कारण टाळूच्या फटीमुळे पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येऊ शकते.

प्रश्नकर्तीचे उत्तर
दोघांच्याही ओठावर खळगे नाहीत. पंचांग उघडून जाऊबाईंना आठवडे मोजून दाखवले. त्या म्हणाल्या, मग आपल्याकडे न दिसलेले एखादे ग्रहण असेल. सून मात्र त्यावर बऱ्याच दिवसांनी हसली.