मदत हवी आहे: मास्टेक्टॉमीनंतर पोहायला कॉस्च्युम कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस इथे वाचनमात्र आहे, आज विचारायचंच असं ठरवलं. सहानुभूती आणि उपदेश दोन्ही पोटभर मिळालेत, मला निव्वळ कपड्याबद्दल माहिती हवी आहे.

थोडक्यात सांगते. वय ४७, पुण्यात राहते. स्तनाच्या कॅन्सरमुळे उजवी बाजू पूर्ण काढली आहे (मास्टेक्टॉमी), काखेतल्या गाठीही काढल्यात. केमो, रेडिएशन उरकून वर्ष होऊन गेलं, आता रोजची गोळी तेवढी चालू आहे. रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे ऑपरेशनने नवा स्तन घडवणं, केलेलं नाही आणि करायचंही नाही, तेव्हा त्यावर चर्चा नको. पोहायला सर्जनची परवानगी आहे, उलट खांदा मोकळा होईल असंच ते म्हणाले.

पोहणं मला नवं नाही. माहेर सातारच्या बाजूचं. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकले, तेही फ्रॉक घालून. कॉस्च्युम कुणी पाहिला होता तेव्हा! आता घराजवळच्या तलावावर सकाळची लेडीज बॅच आहे. चौकशीला गेले तर तिथल्या बाईंनी आधीच बजावलं, कॉटनचं काही चालणार नाही, टी-शर्ट तर नाहीच. नियम बरोबरच आहे म्हणा.

जुना कॉस्च्युम काढून घालून बघितला. डावीकडे नीट बसतो. उजवीकडे कापडाला आत भरायला काही नाही, त्यामुळे चुण्या पडतात आणि काखेशी मोठी फट राहते. पुढे वाकलं की गळ्यातून थेट पोटापर्यंत दिसतं. रोजच्या ब्रामधला सिलिकॉनचा कप आत सरकवला तर उभं असताना काही कळत नाही, पण हात डोक्यावरून फिरवला की तो काखेत जाऊन बसतो. कापसाचं हलकं पॅड बाथरूममध्ये भिजवून बघितलं. ते पाणी पिऊन ओल्या पायपुसण्यासारखं लोंबायला लागलं.

तर पॉकेटवाले, म्हणजे आत कप ठेवायला खिसा असलेले कॉस्च्युम आपल्याकडे कुठे मिळतात का? साध्या कॉस्च्युमला आतून पॉकेट शिवून घेता येतं का? की काहीच न घालता जावं? तसं जाणाऱ्या कुणी आहेत का इथे?

आणखी एक. घरात मला काही वाटत नाही, लेकीसमोर बिनधास्त कपडे बदलते. पण तिथे ओळीने शॉवर आहेत, पडदे नावालाच. बॅचमध्ये आमच्याच सोसायटीतल्या दोघी-तिघी आहेत. ऑपरेशनचं त्यांना माहीत आहे, पण माहीत असणं निराळं आणि बघणं निराळं. तुम्ही हे कसं निभावलंत?

शिवणटिपण

ताई, पॉकेट आरामात शिवता येतं. मी बहिणीला शिवून दिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कॉस्च्युम निवडतानाच गळा उंच, काखेचा घेर लहान आणि पट्टे रुंद बघा. छातीवर चुण्या किंवा आडवं-तिडवं प्रिंट असेल तर दोन्ही बाजूंतला फरक डोळ्यात भरत नाही. एकरंगी आणि फिकट रंग टाळा, ओला झाला की सगळं दाखवतो. बहुतेक कॉस्च्युमना पुढून आतल्या बाजूला अस्तर असतंच. काखेकडची शिवण थोडी उसवून अस्तराचाच खिसा होतो का ते आधी बघा, निम्मं काम वाचतं. अस्तर नसेल तर ताणलं जाणारं नायलॉन-लायक्राचं पातळ कापड घ्या. साधं सुती लावलंत तर कॉस्च्युम ताणेल, खिसा ताणणार नाही आणि टाके तुटतील. मशीनवर झिगझॅग टीप मारा, सरळ टीप लायक्रावर टिकत नाही. तोंड काखेकडून ठेवा आणि कप आत जाईल एवढंच, वरून उघडं नको. शिवण बरोबर व्रणावर येत नाही ना, हे घालून बघूनच पक्कं करा. बहिणीला तिथेच घासायचं.

टेलरकडे टाकणार असाल तर साड्यांचे ब्लाउज शिवणाऱ्यापेक्षा डान्सचे ड्रेस किंवा जिमचे कपडे शिवणारा गाठा. लायक्राला हात लावायला बाकीचे घाबरतात.

पाणकोंबडी

कपबद्दल लिहिते. सिलिकॉनचा रोजचा कप पाण्यात लगेच खराब होतो असं नाही, पण क्लोरीन किंवा खारं पाणी लागलं की साध्या पाण्याने धुऊन, टिपून ठेवावा लागतो. खास पोहण्याचे कपही मिळतात, पारदर्शक आणि वजनाला हलके. मागच्या बाजूला खाचा असतात, पाण्याबाहेर आलं की आतलं पाणी त्यातून निथळून जातं. अमोना आणि अनिता या दोन्ही जर्मन कंपन्यांचे कप आणि पॉकेटवाले कॉस्च्युम येतात. मात्र किंमत ऐकून आधी बसून घ्या.

स्वस्तातला उपाय म्हणजे दोऱ्याने विणलेला कप. साईशा इंडिया फाउंडेशन असे विणलेले कप मोफत देते. रोजच्या वापरासाठी आत फायबर भरलेलं असतं, पोहायला जाताना ते काढायचं आणि त्याऐवजी अंघोळीचा नायलॉनच्या जाळीचा चोथा असतो ना, तो सोडवून भरायचा. पाणी धरून ठेवत नाही आणि वाळतोही पटकन. माझं कित्येक महिने यावरच चाललंय.

सरळमार्गी

राग मानू नका, पण एवढा खटाटोप करून पोहायलाच कशाला हवं? चालणं आहे, योगासनं आहेत. या वयात आणि अशा तब्येतीत जपून राहिलेलं बरं.

खारावारा

सरळमार्गी, त्यांनी कॉस्च्युम कोणता हे विचारलंय. पोहू का, हे नाही विचारलेलं.

ताई, मी काहीच न घालता जाते. माझी डावी बाजू काढली आहे. सुरुवातीला कप घालायचे, पण अर्धं लक्ष पोहण्यात आणि अर्धं तो जागेवर आहे ना यात. एक दिवस काढून ठेवला. पाण्यात तोल जाईल अशी भीती होती, तसलं काही झालं नाही. काखेची फट मात्र तुम्ही म्हणता तशीच पडायची, म्हणून टेलरकडून काढलेल्या बाजूचं कापड बाजूच्या शिवणीत आत घेतलं. आता सपाट बाजूला सपाट बसतो. माझ्या मते कप घालायचा तर पॉकेट हवंच, नाहीतर मग कपच नको. नुसता आत सरकवलेला कप मधल्यामधे दगा देतो.

लोक बघतात का? बघतात. पहिल्या दिवशी सगळ्यांची नजर जाते, मग त्यांना स्वतःच्या टोपीत केस कोंबायचे असतात.

शॉवरचं सांगते. जाताना कॉस्च्युम घरूनच आत घालून जायचा, वरून सैल कुर्ता. पोहण्याआधीचा शॉवर कॉस्च्युमवरच घ्यायचा असतो, तिथे प्रश्नच नाही. नंतर मी वरवर क्लोरीन धुऊन घेते आणि गळ्यात इलॅस्टिक घातलेला मोठा टॉवेलचा झगा अडकवते, लहान मुलांना समुद्रावर घालतात तसला. त्याच्या आत सगळं बदलून होतं, कुणाला पाठ दाखवायची गरज नाही.

हातभार

मी फिजिओथेरपिस्ट आहे. काखेतल्या गाठी काढल्यात म्हणून दोन-तीन गोष्टी.

ओला कॉस्च्युम घालण्यापेक्षा काढणं अवघड असतं, खांदा तिथे अडतो. डोक्यातून काढायचा टाइट टॉप घेऊ नका. पुढून चेन असलेला किंवा पायांतून वर ओढायचा घ्या. पायांतून घालताना ऑपरेशनच्या बाजूचा हात आधी पट्ट्यात घाला आणि काढताना तो शेवटी काढा. पट्टा खांद्यात रुतायला नको, बाही असेल तर दंडाला काचायला नको. वळ उठत असेल तर तो कॉस्च्युम तुमचा नाही.

पाण्याचा दाब हाताला चांगलाच. पण पहिल्या दिवशीच फ्रीस्टाइलच्या फेऱ्या मारू नका. पाण्यात चालणं, मग ब्रेस्टस्ट्रोक, संध्याकाळी हात जड वाटला का ते बघून पुढचं. गरम पाण्याचे टब टाळा. त्या हाताला कापलेलं, खरचटलेलं असेल तर भरून येईपर्यंत तलाव बंद. हात लाल, गरम झाला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. स्लीव्ह, म्हणजे हाताची सूज आवरायची घट्ट बाही, वापरत असाल तर पाण्यासाठी जुनी ठेवा, क्लोरीनने इलॅस्टिक सैल पडतं.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: जखम पूर्ण भरल्याशिवाय पाण्यात उतरू नये. रेडिएशन चालू असताना क्लोरीनने कातडी आणखी कोरडी पडते आणि चुरचुरते. हातात पिक लाइन (औषधासाठी शिरेत ठेवलेली नळी) असेल तर पोहणं नाहीच.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं कुणी सांगितलंच नव्हतं. सरळमार्गी, रोजचं चालणं चालूच आहे, काळजी नसावी.

गळा उंच, रुंद पट्ट्यांचा, गडद निळ्यावर पांढरी पानं असलेला कॉस्च्युम आणलाय. खाली गुडघ्यापर्यंत आहे, त्यामुळे सासूबाईही खूश. डेकॅथलॉनमध्ये असे लांब पायांचे बरेच दिसले. अस्तर आहे, त्याचाच खिसा होतोय. विणलेल्या कपसाठी संस्थेला लिहिलंय. तो येईपर्यंत खारावारा म्हणतात तसं नुसतंच जाऊन बघणार. सोसायटीतल्या एकीला कालच लिफ्टमध्ये सांगून टाकलं, "मी येणार आहे आणि एक बाजू सपाट दिसेल, आधीच सांगते." ती म्हणाली, "बरं झालं, आणखी एक सोबत झाली."

आता उपप्रश्न. दिवाळीच्या सुट्टीत घरचे सगळे तारकर्लीला चाललोत, लेकीला स्नॉर्केलिंग करायचंय. समुद्रात हाच कॉस्च्युम चालेल का?

खारावारा

चालेल, पण वरून पूर्ण बाह्यांचा, पुढून चेनवाला लायक्राचा टॉप घाला. लाटेने गळा ओढला जातो. शिवाय रेडिएशन झालेल्या कातडीला ऊन सोसत नाही, गळ्याशी उघडं राहील तिथे सनस्क्रीन हवंच. पॉकेटमध्ये वाळू जाते, खोलीवर आल्यावर उलटं करून झटका. लाइफ जॅकेट चढवलं की सगळ्याच बायका सारख्या दिसतात, त्याची चिंता सोडा. फक्त जॅकेटचा पट्टा आवळणाऱ्या मुलाला सांगा, उजवीकडे फार कसू नकोस.

हातभार

स्नॉर्केलिंगला हरकत नाही. तिथे गेल्यावर स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून खोल जाण्याचा आग्रह होतो. छातीला रेडिएशन झालंय, त्यामुळे तो बेत असेल तर निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. किनाऱ्यावर भरून घेतात त्या फॉर्मवर भरवसा ठेवू नका.

शिवणटिपण

आणि खिशाला समुद्रासाठी एक प्रेस बटण लावा, प्लास्टिकचं. लोखंडी गंजून कापडाला डाग पडतो.