मदत हवी आहे: बुरशीचा मका, दूध आणि नॅनोबॉडी
नमस्कार मंडळी. निफाडजवळ आमचा आठ गाईंचा गोठा आहे. यंदा मका भिजला. कणीस सोललं तर दाण्यांवर हिरवट-पिवळी बुरशी. अशा खाद्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, दुधात उतरतं, उकळूनही जात नाही. तो मका बाजूला काढलाय, पण आधी थोडा खाऊ घातला गेला, आणि घरची दोन लेकरं तेच दूध पितात. जीव थाऱ्यावर नाही.

मुलगी नाशिकला एम.एस्सी. करते. ती सांगते, उंटाच्या अँटीबॉडीपासून (शरीराचं बचाव करणारं प्रथिन) मिळणारी नॅनोबॉडी नेहमीच्या अँटीबॉडीच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी असते, विषाला चिकटून ते निकामी करते. बोट्युलिनम या जिवाणूच्या विषावर उंदरांत हे जमलंय. अफ्लाटॉक्सिनवर जनावराला देण्याजोगं असं काही आहे का, की सध्या तपासणीपुरतंच? आणि नाशकात दुधातल्या अफ्लाटॉक्सिन एम-१ ची (हे विष दुधात ज्या रूपात येतं ते) तपासणी कुठे होते? माहीत असेल त्यांनी कृपया लगेच सांगा.